बूट का फाटला?

लहानपणी आजोबा एक कोडे घालायचे. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच: न फिरवल्याने. मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांना हे ठाऊक असते. माझ्या घोडीने एका फेब्रुवारीत नऊ दिवसांत चार बूट फाडले, तेव्हा या कोड्यात चौथा प्रश्न घालावा असे मनात आले. बूट का फाटला? त्या चार बुटांनी मला जे शिकवले, आणि पुढच्या काही वर्षांत नालबंद, जुने टांगेवाले, वरातीला घोडी देणारे, चर्मकार आणि पशुवैद्य यांच्याकडून जे ऐकले-पाहिले, ते या पुस्तिकेत मांडले आहे.

घोड्याला बूट म्हटले की आमच्या वर्धा जिल्ह्यात लोक आधी हसतात. नाल सगळ्यांना माहीत आहे. बूट कशाला, हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी तेवढे सांगतो. नाल खिळ्यांनी ठोकतात आणि ती पाच-सहा आठवडे टापेवरच राहते. बूट हे चढवायचे आणि उतरवायचे पायताण आहे. घोडा बिननालेचा असेल आणि गिट्टीच्या रस्त्याने न्यायचा असेल, वाटेत नाल निघून पडली असेल, टापेत पू होऊन औषधाची पट्टी बांधली असेल, किंवा धान्य जास्त खाल्ल्याने टापा आतून सुजून घोडा निखाऱ्यावर उभा असल्यासारखा पाय टाकत असेल, अशा वेळी बूट लागतो. यातला शेवटचा प्रकार आपल्याकडे लग्नसराईत फार होतो. वरातीतली हौशी मंडळी घोडीला जिलेबी, पुऱ्या, भात असे काहीही चारतात. तिला ते आवडतेही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती जागची हलत नाही, आणि मालकाला वाटते घोडी अडली.

बुटाची कल्पना नवी नाही. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोड्यांवर पुस्तक लिहिले. त्यात टापा टणक व्हाव्यात म्हणून तबेल्याबाहेर गोल दगड पसरून त्यावर घोडा उभा करायला सांगितले आहे. ठोकलेली नाल त्याच्या काळी नव्हतीच. पुढे रोमन लोक जनावरांच्या पायांना लोखंडी तळाच्या, वाद्यांनी बांधायच्या वहाणा घालत. जपानात एकोणिसाव्या शतकापर्यंत घोडे भाताच्या पेंढ्याच्या वहाणा घालून चालत. त्या लवकर झिजत, म्हणून प्रवासी जादा जोड बरोबर ठेवत. इंग्लंडमध्ये हिरवळ कापायचे यंत्र घोडा ओढू लागला, तेव्हा गवतात टापांचे खड्डे पडू नयेत म्हणून त्याला चामड्याचे बूट चढवत. आजच्या रबरी-प्लॅस्टिकच्या बुटांची सुरुवात 1970च्या सुमारास अमेरिकेत झाली. ज्या ज्या देशात घोड्याच्या पायात काही बांधले, त्या प्रत्येक देशात ते त्याने काढून टाकायचा प्रयत्न केलाच असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्याकडे मात्र सगळा भर नालेवर राहिला. शिलेदाराला मोहिमेआधी जी आगाऊ रक्कम मिळे तिचे नावच नालबंदी. घोडा, माणूस, हत्यार सगळे त्या पैशात उभे करायचे, पण नाव पडले ते नालेवरून. टापेची किंमत आपल्या लोकांना किती होती हे त्या एका शब्दावरून कळते. पंढरीच्या वारीत माउलींच्या पालखीपुढे जे घोडे धावतात, ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला चालत येतात आणि मग पुन्हा पंढरपूरपर्यंत चालतात. रिंगणातली धाव सगळे बघतात, त्या धावेआधी डांबरावरून किती चाल झालेली असते ते फार थोड्यांच्या लक्षात येते. माथेरानला मोटारबंदी असल्याने वाहतुकीचा मोठा भार घोड्यांवर राहिला. तिथल्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा घोडेवाल्यांनी तक्रार केली ती नालेचा पाय त्यावर घसरतो ही. रस्ता बदलला की पायाखालची वस्तूही बदलावी लागते. बुटाचा विचार करायचा तो म्हणून.

वर्ध्याची जमीन टापेला सोपी नाही. पावसाळ्यात काळी माती टापेला अशी चिकटते की जनावर दुप्पट वजन उचलून चालते. तळव्याच्या मागच्या बाजूला त्रिकोणी मऊ उंचवटा असतो, त्याला घोडेवाले पुतळी म्हणतात. ती चार महिने ओली राहून कुजते आणि टाप उचलली की वास येतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो, तेव्हा तीच टाप वाळून तडकते, आणि लग्नाची वरात नेमकी त्याच दिवसांत तापल्या डांबरावरून निघते. या दोन्हींच्या मध्ये येतो तुरीचा आणि पऱ्हाटीचा हंगाम. तूर तिरपी कापली की जो खुंट राहतो, तो वाळल्यावर खिळ्याइतका टोकदार होतो. बैलाला, घोड्याला, अनवाणी माणसाला, कोणालाच तो सोडत नाही.

माझ्या घोडीचा, चिमणीचा, पाय अशाच एका खुंटावर पडला. ती कुमैत रंगाची, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरे. वर्ध्याच्या एका टांगेवाल्याने टांगा बंद केला तेव्हा मी तिला घरी आणले. स्टेशनवरच्या टांग्यांची जागा ऑटोंनी घेतली, तेव्हा अशा किती घोड्या कुठे गेल्या कोण जाणे. ही माझ्या सेलू तालुक्यातल्या वावरात आली. बोर नदीच्या बाजूचे वावर, तुरीची कापणी नुकतीच झालेली, आणि ती धुऱ्यावरून उतरून मोकळी चरत होती. संध्याकाळी उजवा पुढचा पाय टेकेना. तिसऱ्या दिवशी टाप हाताला गरम लागू लागली. पशुवैद्यांनी तळवा थोडा कोरला तेव्हा काळपट पू आला. त्यांनी आधी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, आणि टापेत काही घुसले की पहिला विचार त्याचाच करायचा, हे मला त्या दिवशी कळले. मग म्हणाले, रोज कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून पाय शेकवा, पट्टी बांधा, आणि दहा-बारा दिवस त्यात माती जाऊ देऊ नका.

शेवटचे वाक्य सर्वांत अवघड होते.

पहिला बूट मी गोणपाटाचा केला. आत लहान मुलाचा डायपर, त्यावर कापडी पट्टी, वर गोणपाट, सुतळीने आवळलेले. डायपरची कल्पना पशुवैद्यांचीच, आणि ती आजही मी सगळ्यांना सांगतो. ओल शोषते, टापेचा आकार घेते, औषध जागेवर धरून ठेवते. सकाळी गोणपाट गव्हाणीत पडले होते आणि डायपरमधला कापूस तिच्या ओठाला चिकटला होता. मी चिडलो. दुसरा बूट ट्रकच्या ट्यूबचा केला, वर नळाला लावतात ती पट्टी आवळली. तो दोन दिवस टिकला, मग मागून उभा फाटला. मी पुन्हा तिच्या तोंडाला दोष दिला आणि करंजाचे तेल चोपडले. तिसरा गावातल्या चर्मकार दादांनी चामड्याचा शिवून दिला. सुंदर होता. आरीने टोचलेले एकसारखे टाके, मेण लावलेला दोरा, वरच्या काठाला पितळी कडी. तिसऱ्या सकाळी वरची वादी चावून चोथा झालेली आणि कडी लिदीत सापडली. चौथा परदेशी होता, मुंबईला घोडेस्वारी करणाऱ्या एका मित्राकडे पडून असलेला. त्याने तो बसने पाठवला. तो चिमणीला अर्धा इंच मोठा होता. रात्रीतून तो पायावर फिरून पुढचे तोंड मागे झाले, आणि सकाळी तिने दुसऱ्या पायाने त्याचा बंद तोडला होता.

त्या दिवशी हिंगणघाटकडचे एक म्हातारे नालबंद चाचा दुसऱ्या कामाने गावात आले होते. मी त्यांना चारही फाटके बूट दाखवले आणि विचारले, चाचा, हिचे तोंड कसे बंद करू? त्यांनी बूट जमिनीवर ओळीने मांडले, एकेक उचलून डोळ्याजवळ धरला. मग म्हणाले, "तिचं तोंड कायले बंद करता भाऊ? थे बोलून राह्यली. तुम्ही आयकत नाही."

मग त्यांनी मला वाचून दाखवले. ट्यूबच्या बुटाच्या मागच्या काठावर दाताची खूण नव्हती, अर्धचंद्राकृती चीर होती. तिला विहिरीवर पाण्याला नेताना मागच्या टापेचे टोक पुढच्या बुटाच्या टाचेवर पडत होते. तिच्या टापा वाढल्या होत्या, आणि वाढलेल्या टापेचा घोडा पाय उशिरा उचलतो, तेवढ्यात मागचा पाय येऊन पोचतो. हा बूट तिने फाडलाच नव्हता, मी टापा तासायला उशीर केल्याने तो फाटला होता. चामड्याच्या बुटावर दाताच्या खुणा होत्या, पण फक्त एका बाजूला. चाचांनी तिचा पाय मांडीवर घेतला आणि टापेच्या वरची केस असलेली जागा अंगठ्याने दाबली. तिने पाय ओढून घेतला. वादीखाली रुपयाएवढी जागा केस जाऊन लाल झाली होती. टाचेच्या मऊ गोळ्यांवरही घासल्याची रेघ होती. जिथे खाजत होते तिथेच ती चावत होती. आपल्याला नवी चप्पल लागली की आपण ती काढून हातात घेतो. तिला हात नाहीत.

परदेशी बूट मोठा होता हे उघडच होते. गोणपाटाचा बूट उरला. त्यासाठी चाचांनी बुटाकडे पाहिलेच नाही, गव्हाणीकडे पाहिले. ती रिकामी होती. "राती काय देता तिले?" मी सांगितले, संध्याकाळी सातला कुटार आणि मूठभर हरभरा. "अन् सकाळपर्यंत?" सकाळपर्यंत काही नाही. ते एवढेच म्हणाले: "मंग ते बूट नाही खाईन तं काय करन?"

या पुस्तिकेचा गाभा त्या एका दुपारी माझ्या हाती आला. बाकीची पाने म्हणजे त्या दुपारचा विस्तार आहे.

घोड्याचे पोट हे बैलाचे पोट नव्हे, हे शेतकऱ्याच्या मनावर ठसायला वेळ लागतो, कारण आपले सगळे अंदाज बैलावरून बांधलेले. बैल पोटभर खाऊन बसतो आणि तासन्तास रवंथ करतो. त्याचे तोंड रिकामे नसते. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे, आणि त्यात आम्ल सतत पाझरत असते, खाल्ले तरी आणि न खाल्ले तरी. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास थोडे थोडे चरतो. त्याला दोन वेळा भरून देऊन बारा तास ठाणाला बांधले की तो लाकूड चावतो, दोर चावतो, शेजारच्याची शेपटी चावतो, आणि पायात बूट असेल तर बूट. त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा त्याला रोज लागतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो. तेवढाच चारा बारीक डोळ्यांच्या जाळीत भरून टांगला, की तेच खाणे कितीतरी जास्त वेळ चालते. जाळी त्याच्या खांद्याच्या उंचीला बांधा. खाली लोंबती ठेवली तर बुटाचा पाय तिच्यात अडकेल. नुसते बारीक कुटार देऊ नका, पोटात गोळा धरते. हराळी, मारवेल, बांधावरचे वाळले गवत मिळेल तितके द्या. कोवळी ज्वारी मात्र देऊ नका. तिने बैल मरतात हे आपल्याला माहीत आहे, घोड्यालाही ती धोक्याचीच.

आता कोड्याकडे परत येतो. घोडा न फिरवल्याने अडतो हे खरे, पण ज्याचा पाय दुखतो त्याला फिरवायचे कसे? आजारी घोड्याच्या बुटाची खरी अडचण इथे आहे. ज्या दिवसांत बूट सर्वांत गरजेचा, त्याच दिवसांत घोडा ठाणबंद असतो आणि त्याला दुसरा उद्योग नसतो. फिरणे बंद झाले की त्याच्या मनाला फिरवावे लागते, असे मी आता मानतो. चिमणीला मी घरामागच्या कोपऱ्यातून काढून पुढच्या अंगणात बांधले. तिथून रस्ता दिसतो, दूधवाला दिसतो, शाळेची मुले दिसतात. शेजारी माझा म्हातारा गवळाऊ बैल बांधला. गवळाऊ ही आमच्या आर्वी, आष्टी, कारंजा भागातली पांढरी, चपळ जात. मराठ्यांच्या फौजेचे सामान ती झपाट्याने वाहून नेई असे सांगतात, आणि कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिचे सरकारी पैदास केंद्र आहे. तो बैल आणि ती घोडी एकमेकांना आधी नाक लावत नसत. चौथ्या दिवशी ती त्याच्या पाठीवर मान टाकून उभी होती. घोडा हे कळपाने राहणारे जनावर आहे. दुसरा घोडा नसेल तर बैल चालतो, शेळी चालते. एकटेपण मात्र चालत नाही. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे खरारा केला. पशुवैद्यांनी परवानगी दिल्यावर मऊ मातीत हाताने दहा पावले, मग वीस.

बूटही बदलला, पण नवा केला नाही. चर्मकार दादांकडे त्यांचाच फाटका बूट घेऊन गेलो आणि लाल झालेली जागा हाताने दाखवली. त्यांनी वरचा काठ रापीने अर्धा इंच खाली कापला, बाहेर दुमडला, आत जुन्या सुती धोतराची घडी शिवली आणि वादी मागून काढून बाजूला नेली, म्हणजे आवळ टाचेवर न येता टापेच्या कठीण भागावर यावी. तळाला सायकलच्या टायरचा तुकडा लावला. कामाला दीड तास लागला. पैसे घेताना ते म्हणाले, "माणसाचं माप घेताना आम्ही पाय पाह्यतो, तुम्ही घोडीचं माप सांगून बनवून नेलं होतं." हा ठपका मी जपून ठेवला आहे.

या भागाला चामड्याची परंपरा आहे, म्हणून इथे एक आठवण काढतो. वर्ध्याजवळ नालवाडीला 1930च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय उभे केले. मारलेल्या नव्हे, आपल्या मरणाने गेलेल्या जनावराचे कातडे कमावून त्याच्या चपला-बूट करायचे, आणि ते काम करणाऱ्या माणसाला मान आणि नीट मजुरी मिळवून द्यायची, हा त्यामागचा विचार. गांधीजींचे त्या कामावर बारीक लक्ष होते. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात, 1941 मध्ये गोसेवा संघाचे काम हाती घेतले तेही इथूनच. त्या सगळ्या खटाटोपात जनावराच्या देहाचा कुठलाही भाग वाया जाऊ नये अशी दृष्टी होती. मेलेल्या जनावराचे कातडे जिवंत जनावराच्या पायाला आधार देते, तेव्हा मला ती दृष्टी फार जवळची वाटते. गावचा चर्मकार आणि नालबंद हे दोघे एकत्र बसले तर वर्ध्यात टापेचा उत्तम बूट बनू शकतो. परदेशी बुटाच्या किमतीत इथे तसे कितीतरी जोड होतील आणि मापही नेमके मिळेल. हे व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. बुटांचे नमुने आणि बेतण्याची रेखाटने पुस्तिकेत दिली आहेत ती त्यासाठी.

बूट बनवून घेणाऱ्यासाठी काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो. माप टाप तासल्यानंतर घ्या, आधी नको. रुंदी सर्वांत रुंद जागी आणि लांबी पुढच्या टोकापासून टाचेच्या टेकूपर्यंत, मऊ गोळे सोडून. चारही पायांचे माप वेगळे घ्या: पुढची टाप गोलसर असते, मागची निमुळती, आणि डावी-उजवी एकसारखी असेलच असे नाही. टापा दर सहा आठवड्यांनी तासा, नाहीतर आज बसलेला बूट महिन्याने बसणार नाही. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तास घाला, काढा, केस पाहा. मग एक तास. मग अर्धा दिवस. निरोगी घोड्याला चोवीस तास बूट ठेवायचा नसतो. पट्टीचा बूट रोज उघडलाच पाहिजे. आत ओल आणि अंधार असला की पुतळी कुजायला आठवडाही लागत नाही, आणि मग एक दुखणे बरे करताना दुसरे लागते. पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा पाहा. माशांचाही विचार करा. गोमाशी पायाला चावली की घोडा पाय आपटतो, आणि शंभरदा आपटलेला बूट शेवटी उसवतो. लीद वेळेवर उचलणे आणि संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करणे हीसुद्धा बुटाचीच निगा आहे.

लोक माझ्याकडे येतात ते मात्र कडू औषधासाठी. काय लावू म्हणजे चावणार नाही? त्याचेही एक प्रकरण पुस्तिकेत आहे, पण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. माप, घासणे, भूक, एकटेपण, माशा हे सगळे पाहून झाल्यावरही घोडा सवयीने चावत असेल, तेव्हाच ते उघडावे. कडुनिंबाचे तेल किंवा कोरफडीच्या पानाचा पिवळा कडू चीक बुटाच्या बाहेरून लावता येतो, कातडीला नाही, आणि आधी एका लहान जागी लावून पाहावा. मिरचीपूड लावू नका. घोडा पाय चाटतो, मग त्याच तोंडाने गुडघा खाजवतो, आणि ती डोळ्यात जाते. मिरचीच्या तिखटपणाचा अर्क कातडीला आग करतो आणि ती जागा हुळहुळी करून सोडतो. 2008च्या ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या, तिथे काही घोड्यांच्या तपासणीत तो सापडला आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक परत द्यावे लागले. जळके इंजिन ऑइल तर कधीच नको. ते आपल्याकडे जनावराच्या प्रत्येक दुखण्यावर चोपडतात. ते विष आहे, आणि घोडा ते चाटणारच आहे.

मुसके हा त्याहून पुढचा उपाय. कापसाच्या डवरणीला बैलाला घालतो तसे दोरीचे मुसके घोड्यालाही घालता येते, पण तुम्ही समोर असाल तेव्हाच, तासाभरासाठी, आणि पाणी पिता येईल इतक्या उघड्या विणीचे. रात्रभर मुसके घालून झोपायला जाऊ नका. मान खाली वळू नये म्हणून गळ्यात उभ्या काठ्यांची माळ घालायची जुनी पद्धत आहे. जखम खोल असेल आणि पशुवैद्य सांगत असतील तर ती वापरावी, चार दिवस, आणि काठ्यांची टोके गुळगुळीत घासून. या उपायांना माझा विरोध नाही. चिमणीच्या पहिल्याच रात्री मला कोणी मुसके सुचवले असते तर मी ते घातले असते, आणि मग तिच्या कातडीवरची लाल जागा मला कधी दिसलीच नसती. ती बुटाखाली चिघळत गेली असती आणि मी रोज म्हणत राहिलो असतो की आता बूट छान टिकतो. या एका विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. फाटलेला बूट फेकू नका. धुवा, वाळवा आणि उन्हात धरून पाहा. दाताच्या खुणा काठावर आहेत की तळाशी? चीर मागून आहे की बाजूने? पुढचे टोक झिजले असेल तर घोडा पाय ओढतो आहे. आतली बाजू एकीकडेच झिजली असेल तर तो वजन एका अंगावर टाकतो आहे, आणि दुखणे कदाचित टापेत नसून वर खांद्यात आहे. बूट रात्री फाटला की दिवसा, पाऊस होता की ऊन, गव्हाण भरलेली होती की रिकामी, हे वहीत लिहा. पुस्तिकेच्या शेवटी त्यासाठी कोरी पाने सोडली आहेत. पशुवैद्याला नुसते "घोडी बूट फाडते" असे सांगण्यापेक्षा तो बूट आणि ती वही दाखवली, तर त्याचे अर्धे काम झालेले असते. आणि टापेत खुंट किंवा खिळा घुसलेला दिसला, तापलेली टाप दिसली, घोडा तीन पायांवर उभा दिसला, तर ही पुस्तिका बाजूला ठेवून आधी पशुवैद्याला बोलवा.

चिमणीचा दुरुस्त केलेला बूट सोळा दिवस टिकला, म्हणजे गरज होती त्याहून जास्तच. पू मात्र पूर्ण खालून निघाला नव्हता. थोडा टापेच्या भिंतीआतून वर चढला आणि बाहेरच्या बाजूला, टाचेजवळ, केस आणि टाप जिथे मिळतात तिथे फुटला. तिथे नखाएवढी आडवी चीर राहिली. मी घाबरलो तर चाचा म्हणाले, राहू द्या, थे खाली जाईन. टाप नखासारखी वरून वाढते, महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. दर अमावास्येला मी तिच्याजवळ पट्टी धरून अंतर मोजायचो आणि गोठ्याच्या दारावर पेन्सिलीने खूण करायचो. पोळ्याला चीर निम्म्याहून खाली आली होती. दिवाळीनंतर चाचा तासायला आले, पाय मांडीवर घेतला आणि कानशीचे चार हात मारले. टापेची पांढरी भुकटी त्यांच्या पायजम्यावर पडली, चीर गेली, आणि चिमणीने त्यांच्या खिशातला हरभऱ्याचा पुडा हुंगायला मान वळवली.